अंदाजे, किरकोळ वगैरे

मराठीत खोटं बोलण्याला पुष्कळ शब्द आहेत. थाप, बंडल, पुडी, लोणकढी. या यादीत 'अंदाजे' हा शब्द अजून कुणी कसा घातला नाही, याचं मला नवल वाटतं. मी छत्तीस वर्षं एका सरकारी कचेरीत हिशेबाच्या टेबलावर काढली. 'अंदाजे' म्हणून लिहिलेली रक्कम शेवटी तेवढीच भरली, असं त्या काळात एकदाही नजरेला पडलं नाही. बरं, अंदाजच तो, कधी जास्तीचाही निघावा की नाही? पण नाही. अंदाज चुकतो तो नेहमी एकाच बाजूला. वाण्याची तागडी दर वेळी एकाच बाजूला झुकायला लागली, तर आपण तिला 'चूक' म्हणत नाही. वाण्याला वेगळं काहीतरी म्हणतो.

हे तत्त्वज्ञान सुचायचं कारण, आमच्या स्वयंपाकघराचं नूतनीकरण. 'नूतनीकरण' हा माझा कचेरीतला शब्द. सौभाग्यवती म्हणते, 'ओटा बदलायचाय.' यात 'नुसता' हा शब्द तिनं उच्चारलेला नव्हता, पण ऐकू मात्र आला होता.

आमचा ब्लॉक १९८६ सालचा. त्या वेळच्या रिवाजाप्रमाणे ओटा काळ्या कडाप्प्याचा, आणि उंची ३० इंच. ही उंची बिल्डरनं कुठल्या बाईला समोर उभं करून ठरवली, कोण जाणे. साधा हिशेब असा, की हात कोपरात वाकवून उभं राहावं आणि कोपराखाली चारेक इंचांवर ओटा यावा. त्या मापानं आमच्या घरात तो ३४ इंच हवा. म्हणजे फरक फक्त चार इंचांचा. पण या चार इंचांना रोजच्या दोन वेळच्या स्वयंपाकानं गुणायचं, त्याला पुन्हा वर्षांनी गुणायचं, आणि आलेला गुणाकार एका माणसाच्या कंबरेत भरायचा. हा आकडा कुठल्याही जमाखर्चात दिसत नाही. त्याची पावती हाडांच्या डॉक्टरकडे मिळते, तीही 'पट्टा बांधा आणि वाकू नका' अशा मजकुराची.

तुम्ही म्हणाल, मग इतकी वर्षं थांबलात कशाला? मध्यमवर्गीय घराची एक पंचवार्षिक योजना असते हो. आधी मुलांच्या फिया, मग बाहेरच्या खोलीचा रंग (कारण पाहुणे तिथे बसतात), मग मुलीचं लग्न, मग स्कूटर जाऊन गाडी. स्वयंपाकघराचा नंबर कायम 'या दिवाळीनंतर'. पाहुणे आत येत नाहीत, आणि जी आत असते ती पाहुणी नसते.

तर एका सकाळी दूधवाल्याच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलेलं अंदाजपत्रक माझ्यापुढे आलं. जुना ओटा फोडणे व राडारोडा नेणे, ग्रॅनाइट, टाइल्स, नळकाम, ट्रॉल्या, रंग, आणि शेवटी 'किरकोळ'. एकूण बरोब्बर १,८०,००० रुपये. अंदाजपत्रकाची बेरीज अशी गुळगुळीत आली, की हिशेबनिसानं ओळखावं: बेरीज आधी केलेली आहे, रकमा मागाहून. बँकेतली आमची दोन लाखांची एक ठेव त्याच महिन्यात पिकत होती, हे सांगितलं म्हणजे खुलासा पुरे.

विजेच्या कामाला त्या पानावर जागाच नव्हती. फरशीचं नाव नव्हतं. 'नळकाम' या सदरात लिहिलेली रक्कम पाहून कुठलाही प्लंबर हसला असता. हे सगळं मला एका नजरेत दिसलं. मला दिसलं हे तिलाही दिसलं. मी खिशातून पेन काढून खाली 'मंजूर' लिहिलं आणि सही ठोकली. चहा झाला. दोघांपैकी कुणीही एकही खोटा शब्द उच्चारला नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. ज्यांच्या घरी झालंय त्यांनी हा परिच्छेद गाळला तरी चालेल. भिंत फोडली, तर आतले जी.आय. पाइप गंजून चाळणी झालेले. त्यांची जागा सी.पी.व्ही.सी.नं घेतली. ओटा काढला, तर त्याच्याखाली मोझॅक फरशीच नाही. बिल्डरनं तिथे काटकसर केलेली. तसली फरशी आता मिळेना, म्हणून सगळीच बदलली. नवी फरशी जुन्या फरशीवर बसवली, तर दार घासायला लागलं, म्हणून सुतार आला. मिक्सर आणि मायक्रोवेव्ह जुन्या पाच ॲम्पिअरच्या प्लगवर चालवू नका म्हणाला, म्हणून नवी वायर. शेवटचा आकडा ३,४२,००० रुपये.

मुलानं हा आकडा ऐकला आणि तो हसून म्हणाला, "बाबा, तुम्ही जगाच्या मानानं स्वस्तात सुटलात." डॅनियल कानेमान नावाचे एक मानसशास्त्रज्ञ होते. २००२ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्या २०११ सालच्या पुस्तकात अमेरिकेतल्या एका पाहणीचा दाखला आहे, तीही २००२ चीच. ज्यांनी स्वयंपाकघरं नव्यानं करून घेतली त्यांना विचारलं, की खर्च किती धरला होता? सरासरी १८,६५८ डॉलर. झाला किती? ३८,७६९ डॉलर. दुपटीच्या वर! आम्ही दुपटीच्या आतच थांबलो. अमेरिकेवर कशात तरी मात केल्याचं समाधान मला दोन दिवस पुरलं.

या रोगाला कानेमान आणि त्यांचे मित्र ट्व्हर्स्की यांनी १९७९ मध्येच नाव ठेवलं होतं. मराठीत 'नियोजनाचा भ्रम' म्हणू. माणूस सगळं सुरळीत होईल असंच धरून चालतो, दुसऱ्यांच्या घरी काय झालं ते विचारत नाही, असं त्यांचं निदान. पण मला जास्त पटली ती त्यांनी जाता जाता केलेली दुसरी नोंद. पुष्कळ अंदाज हे चुकलेले नसतातच, ते मंजुरीसाठी केलेले असतात. काम एकदा सुरू झालं की पैसे संपले म्हणून ते सहसा कुणी अर्धवट सोडत नाही, हे करणाऱ्याला पक्कं माहीत असतं. ओटा फोडल्यावर 'राहू दे' कोण म्हणणार?

म्हणजे प्रश्न असा उरतो, की दूधवाल्याच्या वहीतला तो आकडा हे असत्य होतं की नाही?

काण्टला विचारावं तर सोय नाही. दारात खुनी आला आणि 'तुमचा मित्र घरात आहे का' म्हणून विचारू लागला, तरीसुद्धा खोटं बोलू नये, असं त्यानं १७९७ साली लिहून ठेवलं आहे. काण्ट आजन्म अविवाहित होता, ही गोष्ट इथे विचारात घ्यायला हवी. आपल्याकडचा दाखला धर्मराजाचा. हत्तीचं नाव पुटपुटून त्यानं द्रोणाचार्यांना फसवलं आणि जमिनीपासून चार अंगुळं वरून चालणारा त्याचा रथ खाली टेकला. आमच्या घरी नेमकं उलट झालं. अर्धसत्यानं ओटा चार इंच वर गेला. आता व्यासांच्या हिशेबात हे कुठल्या सदरात बसवायचं?

हर्शमन नावाच्या एका अर्थशास्त्रज्ञानं १९६७ साली याची वकिलीच केली आहे. त्याचं म्हणणं, पुढच्या अडचणी आधीच दिसल्या असत्या तर माणसानं कित्येक चांगली कामं हातीच घेतली नसती. तेव्हा एक अदृश्य हात त्या आपल्यापासून झाकून ठेवतो, आणि ते बरंच करतो. वाचताना मला वाटलं, या हातात बांगड्या असाव्यात. कारण खरा आकडा, साडेतीन लाखांचा, त्या सकाळी वहीत लिहिला असता तर काय झालं असतं? काहीही नाही. 'या दिवाळीनंतर.' ज्या घरात खरं सांगून कंबरेला न्याय मिळत नाही, तिथे खोट्याचा दोष एकट्या बोलणाऱ्याच्या खात्यावर टाकणं मला तरी हिशेबाला धरून वाटत नाही. शिवाय, फसलं कोण? मला माहीत होतं. तिला माहीत होतं. ज्यात कुणीच फसलेलं नाही ते खोटं कसं?

असा निकाल मी मनाशी देऊन टाकला होता. पण काम संपत आलं आणि त्यात एक तिसरा माणूस निघाला.

पैसे संपतात ते कुठे संपतात, हे पाहण्यासारखं असतं. ग्रॅनाइटवाला पैसे हातात पडल्याशिवाय दगड कापत नाही. टाइल्सवाला गोदामच उघडत नाही. ट्रॉलीवाला निम्मे आधी आणि उरलेले बसवण्याआधी मोजून घेतो. मिस्त्रीचा हिशेब दर शनिवारी. या सगळ्यांना अंदाजपत्रक खरं आहे की खोटं याच्याशी काही कर्तव्य नाही. सगळ्यांत शेवटी येतो रंगारी. त्याच्यानंतर कुणी यायचं नसतं, त्यामुळे त्याला अडवलं तरी आपलं काही अडत नाही. अंदाजातली तूट घरंगळत घरंगळत बरोबर त्याच्या पायाशी येऊन थांबते.

मोठ्या कामांतही वेगळं काय होतं? १९८३ साली ३७२ कोटींना मंजूर झालेला आमच्या राज्यातला गोसीखुर्द प्रकल्प पुढे १८ हजार कोटींच्या वर गेला. सिमेंट फुकट कुणी दिलं नसेल. पण ज्यांची गावं पाण्याखाली जायची होती त्यांच्या पुनर्वसनाचे कागद मात्र वर्षानुवर्षं या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिले. आमच्या कचेरीत याला 'निधीच्या उपलब्धतेनुसार' म्हणत. या शब्दप्रयोगावर मी स्वतः अनेकदा शिक्का मारलेला आहे.

तर आमच्याकडे उरले होते २०,००० रुपये. रंगाऱ्याचे द्यायचे ९,०००, आणि धूर ओढणारी विजेची चिमणी यायची होती १६,००० ची. ५,००० कमी. माझे एक स्नेही अशा बाबतीत तरबेज. ते म्हणाले, "सोपं आहे. चिमणी घे. रंगाऱ्याला चार दे, बाकीचे पुढच्या महिन्यात म्हण. आणि शेवटच्या बिलात हजार-दोन हजार कापायचेच असतात हो! रंगात काही ना काही खोट निघतेच." खोट शोधायला ते चष्मा पुसून भिंतीजवळ गेलेसुद्धा.

सौभाग्यवतीनं तेवढ्यात आतून नऊ हजार आणून रंगाऱ्याच्या हातावर मोजले. स्नेही गेल्यावर मी म्हटलं, "अगं, फोडणीचा धूर तुझ्याच नाकात जाणार आहे."

"माझ्याच ना?" ती म्हणाली. "अहो, आकडा मी कमी लिहिला होता, त्यानं नाही."

चिमणी अजून आलेली नाही. तिच्यासाठी भिंतीला पाडलेलं गोल भोक तेवढं आहे, आणि त्यातून एक कबूतर रोज सकाळी पोळ्यांची पाहणी करून जातं.

परवा शेजारचे दोघं नवरा-बायको ओटा पाहायला आले. शेजारीणबाईंनी ग्रॅनाइटवरून हात फिरवला. ओट्याशी सरळ उभ्या राहून पाहिलं. मग नवऱ्याला ऐकू जाईल अशा बेतानं विचारलं, "काकू, किती आला हो खर्च सगळा?"

"दोनच्या आसपास," सौभाग्यवती म्हणाली. "अंदाजे."

शेजारी माझ्याकडे बघायला लागले. मी कबुतराकडे बघायला लागलो.

ते गेल्यावर मी विचारलं, "आणि त्यांच्या रंगाऱ्याचं काय?"

"सांगितलंय तिला जिन्यात," ती कणीक भिजवता भिजवता म्हणाली. "आधी त्याचे वेगळे काढून डब्यात ठेव, आणि मग यांना आकडा सांग."