दगड कुठला?

भिवंडीच्या बाहेर एका गोदामासाठी भराव चालला होता. समोर डंपरमधून खडी ओतली जात होती आणि टपरीवर एक जण दुसऱ्याला सुनावत होता, "आम्ही इथले. तुम्ही बाहेरचे." ऐकणारा यंत्रमागावर काम करणारा, मूळचा आझमगढचा. मला राहवलं नाही. म्हटलं, "ही खडीसुद्धा बाहेरचीच आहे."

बढाई नव्हती. हा काळा पाषाण सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हा होऊन वर आला, तेव्हा ही भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. आज जिथे रियुनियन बेट आहे, तिथल्याच खोल उष्ण झोताने तो वितळवला, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. भूमी उत्तरेला सरकली, झोत मागे राहिला. वाटेत मालदीव, चागोस, मॉरिशस अशा खुणा उमटल्या. रियुनियनचा ज्वालामुखी अजून जागा आहे. सोयरीक रसायनातही दिसते. दख्खनच्या लाव्हाच्या नात्यातले राजस्थानातले काही खडक आणि रियुनियनचे खडक, दोन्हींत हेलियम-3 चा वाटा समुद्रतळावरच्या नेहमीच्या बेसॉल्टपेक्षा जास्त आहे. तो पृथ्वीच्या फार खोल पोटातून आला असावा.

म्हणजे सगळेच उपरे? वाक्य छान आहे, टाळ्या मिळतात. पण घरी येताना तेच मला टोचायला लागलं. कातकऱ्यांच्या पाड्याखालची जमीन ज्याला हवी आहे, तोही उद्या हेच म्हणेल: इथलं मुळात कोणीच नाही, मग तुमचा हक्क कसला? दगडाच्या वयावरून माणसाचा हक्क सिद्ध होत नाही, तसा खोटाही ठरत नाही. मी युक्तिवाद केला नव्हता, नुसती मात केली होती.

एकोणिसाव्या शतकात कोकणातली माणसं गिरमिटिया होऊन मॉरिशसला गेली. त्याच झोताचा, पण कोवळा दगड तिथे होता. उसाच्या शेतांतून मजुरांनी वेचून रचलेले काळ्या दगडांचे ढीग आजही तिथे उभे आहेत. त्या मराठी माणसांच्या नातवंडा-पतवंडांना कोणी बाहेरचं म्हटलं, तर आपल्याला राग येईल. तो राग भिवंडीत का येत नाही, याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही.

टपरीवर माझ्या वाक्यावर कोणीच हसलं नव्हतं. मागवाल्याने कप खाली ठेवला आणि म्हणाला, "साहब, पत्थर का पता नहीं. मेरा राशन कार्ड यहीं का है."