आम्ही आणि आपण

उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवताना एक अडचण दरवर्षी येते. मुले 'आम्ही' आणि 'आपण' यांची गल्लत करतात. दोष त्यांचा नाही. उर्दूच्या पुस्तकात दोन्हींसाठी 'हम' हा एकच शब्द आहे. घरच्या बोलीत 'अपन' येते, पण वही उघडली की ते दाराबाहेर राहते. मग आम्ही फळ्यावर दोन वाक्ये लिहितो. 'आम्ही जेवायला बसतो' म्हटले की समोरचा माणूस उभाच राहतो. 'आपण जेवायला बसू' म्हटले की त्याचेही ताट वाढले जाते. मुलांना हे चटकन समजते. परीक्षेत ती पुन्हा चुकतात ते वेगळे.

बारा वर्षे हा धडा शिकवूनही त्याचा अर्थ आम्हाला स्वतःला कळला नव्हता. तो आमच्याच ओट्यावर कळला, आणि तो सांगताना आजही संकोच वाटतो.

आम्ही तुंगार्लीत राहतो. लोणावळ्याच्या उत्तरेला, धरणाच्या पायथ्याशी. वरून राजमाचीची वाट जाते. खाली बंगल्यांच्या रांगा आहेत, शनिवार-रविवारी उजळणाऱ्या आणि सोमवारी अंधारणाऱ्या. त्या बंगल्यांचे माळी, रखवालदार, गवंडी, रंगारी, चिक्कीच्या कारखान्यातले मजूर आणि आमच्यासारखे मास्तर आजूबाजूच्या चाळींतून राहतात. रानाच्या कडेला ठाकरांची आणि कातकऱ्यांची घरे आहेत. पावसाळ्यात त्यांच्या बाया खेकडे आणि रानभाज्या घेऊन येतात, उन्हाळ्यात करवंदे-जांभळे, आणि बारा महिने सरपणाच्या मोळ्या.

काही वर्षांपूर्वी घर अपुरे पडू लागले म्हणून आम्ही जवळपास दोन खोल्या भाड्याने शोधत होतो. एक जागा पसंत पडली. मालकांनी चहा दिला, शाळेची चौकशी केली, मास्तर भाडेकरू म्हणून बरे असतात असेही म्हणाले. मग पूर्ण नाव विचारले. नाव सांगितल्यावर ती खोली अचानक त्यांच्या पुतण्यासाठी राखून ठेवलेली निघाली. हा अनुभव सांगण्यासारखा नाही, कारण तो वाचकांपैकी बहुतेकांनी घेतलेला आहे. आम्ही घरी आलो आणि ओट्यावर बसून अम्मीला सगळे रागारागाने सांगू लागलो.

त्याच वेळी मोळी टाकून एक कातकरी मावशी पायरीवर बसल्या होत्या. अम्मी त्यांना चहा देत होत्या. मावशी सगळे ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "मास्तर, तुमचं नाव तरी इचारलं. आमाला तर नुसतं बघूनच न्हाई म्हंत्यात."

आम्ही गप्प झालो. आणि तेव्हा आम्हाला त्यांच्या हातातला पेला दिसला. जर्मनचा, काठाला चेपलेला. चहा पिऊन झाल्यावर त्यांनी तो नळाखाली धुतला आणि वळचणीला खोचून ठेवला. लहानपणापासून तो पेला तिथेच होता. आमच्या घरातला कोणीही कधी त्यातून काही प्यायला नव्हता. अम्मी पाच वेळच्या नमाजी, दारी आलेल्याला कधी रिकाम्या हाताने न पाठवणाऱ्या. वेगळा पेला ठेवा असे त्यांना कोणी सांगितले नव्हते, आणि ठेवू नका असेही कोणी सांगितले नव्हते. आमच्या घरात तो असाच चालत आला होता.

इथून आमच्या मनात एक प्रश्न सुरू झाला. ज्याच्यावर अन्याय होतो त्याला अन्याय कळतो, असे आपण धरून चालतो. पण ते खरे आहे काय? आम्हाला फक्त आमच्यावरचा अन्याय कळत होता. मालकाच्या तोंडातला 'पुतण्या' आम्ही क्षणात ओळखला, आणि वळचणीचा पेला तीस वर्षे ओळखला नाही. शिवाय मावशींनी एक फरकही दाखवून दिला होता. नाव सांगेपर्यंत आम्हाला चहा मिळाला, खुर्ची मिळाली. माणसाचे नाव खिशात राहू शकते. कातडीचा रंग आणि चेहऱ्याची ठेवण खिशात ठेवता येत नाही.

कातकरी हे महाराष्ट्रातल्या सर्वांत दुर्बळ मानल्या गेलेल्या तीन आदिवासी जमातींपैकी एक आहेत. दुसऱ्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. खैराच्या झाडापासून कात काढणारे म्हणून ते कातकरी. इंग्रजी अमदानीत जंगलावर कायद्याचे कुंपण पडले, कात गेला, आणि ही माणसे कोळशाच्या भट्ट्यांवर, वीटभट्ट्यांवर, उचल घेऊन राबायला लागली. आपण पानातला कात खातो आणि 'कातकरी' हा शब्द मात्र शिवीसारखा वापरतो. आमच्याच वर्गात एका सावळ्या मुलाला मुले 'कातकरी' म्हणून चिडवत. दुसऱ्याला 'हबशी' म्हणत. दोन्ही मुले हसून घेत. आम्हीही अनेकदा ते ऐकून न ऐकल्यासारखे केले होते.

'हबशी' हा शब्द तर आपल्या तोंडी शोभूच नये. हजरत बिलाल हबशीच होते. गुलामीतून सुटलेल्या त्या काळ्या माणसाने मक्केच्या विजयानंतर, इसवी सन ६३० मध्ये, काब्याच्या छतावरून अजान दिली. मीलादच्या जलशात ही हकिगत सांगताना आपला गळा भरून येतो. पण दुसरी हकिगत आपण कमी सांगतो. हजरत अबू जर यांनी रागाच्या भरात एका साथीदाराला त्याच्या आईवरून हिणवले. ते बिलालच होते, असे काही रिवायतींत येते, आणि हिणवणे आईच्या काळ्या रंगावरून होते. पैगंबरांनी (स.) अबू जर यांना सुनावले, की तुमच्यात अजून जाहिलियत शिल्लक आहे. हे बोल कोणा शत्रूला उद्देशून नव्हते. ते एका निष्ठावान, सच्च्या साथीदाराला उद्देशून होते. जाहिलियत ही अरबस्तानात संपलेली जुनी गोष्ट नसून चांगल्या माणसाच्या जिभेवर उरू शकणारी गोष्ट आहे, हा त्यातला धडा. रिश्ता पाहताना 'लडकी साफ रंग की हो' म्हणणारे आपण, बागवान-पिंजारी-मन्यार अशी बिरादरी विचारून मगच शरबत पिणारे आपण, तो धडा वगळून पुढे जातो.

दख्खनच्या इतिहासातही हेच आहे. मलिक अंबर हबशदेशात जन्मला, गुलामांच्या बाजारांतून विकला जात दख्खनेत आला. अहमदनगर मोगलांच्या हाती पडल्यावरही त्याने निजामशाही सावरून धरली. १६१० मध्ये खडकी वसवली, तेच पुढचे औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर. तिथे नहर बांधून पाणी आणले. मराठा सरदारांना बरोबर घेऊन १६२४ मध्ये भातवडीला मोगल आणि आदिलशाही फौजा एकदम हरवल्या. त्याला रणात हरवता न आलेल्या जहांगीर बादशहाने आत्मचरित्रात त्याच्या रंगावरून शिव्या दिल्या, आणि भाल्यावर लावलेल्या अंबरच्या मस्तकावर आपण बाण सोडत आहोत असे चित्र काढून घेतले. बादशहाही कलमा पढणारा आणि अंबरही कलमा पढणारा. रंगाच्या तिरस्काराला कलम्याची आडकाठी झाली नाही.

त्या वर्षी स्नेहसंमेलनात आम्ही मलिक अंबरवर छोटे नाटक करायचे ठरवले. खरे तर मुलांना 'हबशी' या शब्दावर एक भाषण द्यायचे मनात होते. पण भाषणाचे काय होते ते मास्तरांना चांगले माहीत असते. मुले माना डोलावतात आणि सुट्टीत पुन्हा तोच शब्द वापरतात.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. अंबर कोण होणार, असे विचारताच सगळ्या वर्गाने त्या सावळ्या मुलाकडे बोट केले. "सर, उसको बनाव, रंग लगाने कीच जरूरत नहीं." मुले हसली. आणि कबूल करायला हवे, की वर्गात येण्याआधी आमच्याही मनात तोच मुलगा होता. तो मात्र खाली मान घालून म्हणाला, "मैं नहीं करूँगा." त्या मानेने आम्हाला आमची चूक दाखवली.

मग ठरले, की तोंडाला कोणी काळे फासायचे नाही आणि अंबर कोणी एकाने व्हायचे नाही. एक साफा करायचा. ज्याच्या डोक्यावर साफा, तो त्या प्रवेशापुरता अंबर. गुलामांच्या बाजारातला अंबर एक मुलगी, नहर खोदवणारा दुसरी, भातवडीचा तिसरा. शेजारच्या मराठी शाळेतली मुले मराठा सरदार म्हणून आली. एका पालकाने चिक्कीच्या कारखान्यातले रिकामे डबे आणले, त्यांचे नगारे झाले. मोहल्ल्यातल्या शिंप्याने पडद्यांच्या कापडाच्या तुकड्यांतून साफा शिवला. संवाद काही मराठीत, काही उर्दूत, आणि घाईच्या ठिकाणी दोन्हींच्या मिसळीत.

मराठी शाळेतल्या मुलांत मोळीवाल्या मावशींचा नातू होता. त्यालाही एका प्रवेशात साफा मिळाला. दुसऱ्या दिवशी दोन पालक शाळेत आले. एकच साफा सगळ्यांच्या डोक्यावर गेला तर उवा होतील, असे त्यांचे म्हणणे. कोणाच्या डोक्यावरून, हे त्यांनी सांगितले नाही आणि आम्हाला विचारावे लागले नाही. शिंपी म्हणाले, "कपडा है, दूसरा बना दूँ?" आम्ही हो म्हणणारच होतो. संमेलन तोंडावर आलेले, वाद कोणाला हवा? तेवढ्यात नगारा वाजवणारी एक मुलगी म्हणाली, "सर, अंबर तो एकच था ना?"

दुसरा साफा शिवला गेला नाही. एका पालकाने मुलाला नाटकातून काढून घेतले. दुसऱ्याचा मुलगा आला. सावळा मुलगाही शेवटी तयार झाला, पण त्याने अंबर न होता जहांगीर व्हायचे मागून घेतले, आणि ते काम त्याने झोकात केले.

यातून आम्हाला जे समजले ते एवढेच. अन्यायाविरुद्ध एकट्याने बोललेला शब्द उपदेश ठरतो. पण पंधरा-वीस माणसे मिळून काही घडवू लागली, की कोणाचा साफा कोणाच्या डोक्यावर, हा प्रश्न टाळता येत नाही. जे भाषणात लपून राहते ते कामात उघडे पडते. आपल्या भूमीला ही वाट नवी नाही. आमच्यापासून दहा-बारा किलोमीटरवर कार्ल्याचे लेणे आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे ते काम एका राजाचे नाही. खांबाखांबावर दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत गंधिक, म्हणजे अत्तार आहे, सुतार आहे, आणि धेनुकाकटाचे यवनही आहेत. ज्या 'यवन' शब्दाने पुढे आपल्याला परके म्हटले गेले, तो शब्द इथे दात्याचे नाव म्हणून खांबावर आहे. अलीकडच्या काळात अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर १९४४ पासून लाल बावटा कलापथकात एकत्र गायले. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या काळ्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केले. पुण्यात बसून त्यांनी सातासमुद्रापलीकडच्या माणसांना 'आपण' म्हटले.

आमचे काही सहकारी विचारतात, की समाजापुढे एवढे मोठे प्रश्न असताना हा पेल्याचा प्रश्न कशाला? २००६ च्या सच्चर अहवालाने आपली अवस्था आकड्यांनिशी मांडली, ती सोडून आपल्याच घरातली उणी का काढायची? त्यांची भीती खोटी नाही. आपली कबुली दुसऱ्याच्या हातातले हत्यार होऊ शकते. म्हणून स्पष्ट सांगतो. आमच्या वळचणीचा पेला दाखवून त्या घरमालकाचा अन्याय माफ होत नाही. तो अन्यायच होता आणि त्याविरुद्ध बोललेच पाहिजे. पण न्याय ही शिधावाटपाची साखर नाही, की आधी आमचा वाटा मिळू दे, उरला तर तुम्हाला देऊ. जो न्याय आम्ही 'आम्ही' म्हणून मागतो तो फार तर सवलत होतो. 'आपण' म्हणून मागितला तरच तो न्याय.

अम्मींना पेल्याबद्दल सांगायला आम्हाला नाटकानंतरही महिना लागला. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "वो खुद वही पेला माँगती है रे." आणि ते खरे होते. दुसऱ्या दिवशी अम्मींनी बाजारातून सहा सारखे काचेचे ग्लास आणले. पेल्यात पुदिना लावला. मावशी आल्या, अम्मींनी त्यांना आणि आम्हाला एकाच थाळ्यातून चहा दिला. मावशींनी ग्लास घेतला, पण आधी त्यांचा हात सवयीने वळचणीकडे गेला.

तो हात अजूनही अधूनमधून तिकडे जातो. अम्मी ग्लास पुढे करतात. वर्गात मुले 'आम्ही' आणि 'आपण' यांत अजून चुकतात, आणि वही तपासताना आमच्या हातातले लाल पेन हल्ली त्या शब्दापाशी जरा जास्त वेळ थांबते.