एका कणाची अमानत

साकीनाक्यात कुणाला रक्त लागले की आपण निर्धास्तपणे म्हणतो, ‘ओ गट आहे, मिळेल.’ परंतु १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांनी याच मुंबईतील असे रक्त नोंदविले, जे वरवरच्या तपासणीत ‘ओ’ भासते, तरी त्याला ‘ओ’ रक्तही चालत नाही. तोच बॉम्बे रक्तगट. तांबड्या पेशींवर ‘एच’चा पाया रचणारे प्रथिन त्यात निकामी असते. ३६५ अमिनो आम्लांची ती साखळी. भारतात बहुधा २४२व्या जागी ल्युसिनऐवजी आर्जिनिन येते, एवढेच! माता-पिता दोघांकडून हा बदल आला तरच तो प्रकटतो. म्हणून जवळच्या नात्यातील निकाहात त्याची शक्यता वाढते. असा निकाह शरीअतने हराम ठरविलेला नाही. पण तपासणी करून घेणे तवक्कुलच्या विरुद्धही नाही. एक जीव वाचविण्याचे मोल सूरह अल-माइदात आलेच आहे. घरात हा गट आढळल्यास भावंडांचेही रक्त तपासा आणि रक्तपेढीत नावे नोंदवा.