राणी आणि कव्हर

पावसाची झड लागली की आमच्या घरी माळ्यावरून कॅरम खाली यायचा. दमट हवेनं मधोमध किंचित फुगलेला. पावडर बोरिकची, तीही आईनं झुरळांसाठी आणलेली, त्यामुळे चिमटीनंच मिळायची. नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या आणि एक राणी. आमची एक काळी हरवलेली, तिच्या जागी कोटाचं मोठं बटण. स्ट्रायकर त्याच्यावरून सरळ उडी मारून जायचा!

नियमाप्रमाणे भोक साधारण साडेचार सेंटीमीटरचं, सोंगटी तीनच्या थोडी वर. म्हणजे वाव भरपूर. तरी राणी भोकाच्या काठावर येऊन गर्रकन फिरायची आणि थांबायची. मी वाकून बघायला लागलो की दादा म्हणायचा, "फुंकर नाही हं मारायची."

महत्प्रयासानं राणी गेलीच, तर लगेच पुढच्या फटक्यात कव्हर हवं. ते हुकलं की दादा तिला दोन बोटांनी उचलून पुन्हा मधल्या वर्तुळात ठेवायचा. इतक्या हळुवार, की त्याचा मला आजही राग येतो. मग मी बोर्ड उधळायचो. पलंगाखाली शिरून सोंगट्याही मीच गोळा करायच्या. बटण नेमकं पहिल्यांदा हाती लागायचं.