नोकरी गेली, काम राहिलं



आज गीतेच्या अठराव्या अध्यायातला ४६वा श्लोक. ज्याच्यापासून ही सगळी सृष्टी झाली, त्याची पूजा माणसाने आपल्या कर्मानेच करावी, असा त्याचा भावार्थ. माउली तर स्वकर्मालाच पूजेची फुलं म्हणतात.

पूर्वी मी याचा अर्थ 'ऑफिसात मन लावून काम कर' एवढाच घ्यायचो. मग मागच्या वर्षी नोकरी गेली. पंधरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल, आणि दुपारी लॅपटॉप लॉक.

तिसऱ्या रात्री झोप येईना. ईएमआयची चिंता होतीच, पण डोक्यात घोळत होता एक बग. आमच्या ॲपवर पैसे भरताना नेट तुटलं आणि माणसाने पुन्हा बटण दाबलं, तर कधीकधी पैसे दोनदा कापले जायचे. उपाय माहीत होता: प्रत्येक व्यवहाराला एकच क्रमांक द्यायचा, म्हणजे तीच विनंती परत आली तर सर्व्हर ओळखतो. चार महिने मला हे ठाऊक होतं. तिकीट माझ्या नावावर नव्हतं, म्हणून गप्प बसलो. पगार चालू होता तोवर शांत झोपलो, आणि संबंध संपल्यावर ते टोचायला लागलं! शेवटी जुन्या सहकाऱ्याला मेसेज करून कुठे बघायचं ते सांगितलं.

नोकरी कंपनीची होती, ती तिने परत घेतली. ही टोचणी मात्र माझ्या धंद्याची होती. सावता माळी, गोरा कुंभार, नरहरी सोनार... यांच्या नावातच धंदा आहे. माझ्या नावापुढे तेव्हा फक्त कंपनीचं नाव होतं.

पण इथे एक गोष्ट सोयीस्करपणे विसरायला नको. या संतांना धंदा जन्माने मिळाला. चोखोबांना तर मंदिरात पाऊलही टाकू दिलं नाही, आणि मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून ते गेले. त्या लादलेल्या कष्टांना 'स्वकर्म' म्हणून मोकळं व्हायला माझी जीभ धजत नाही. मला तर माझं काम निवडता आलं. म्हणजे माझी 'तिकीट माझं नव्हतं' ही सबब अजूनच लंगडी.

आता दुसरीकडे आहे. परवा शेजारच्या टीमच्या कोडमध्ये तसलीच चूक दिसली. मॅनेजर म्हणाले, "आधी तुझं स्प्रिंट बघ." बघितलं. मग रात्री त्या टीमच्या चॅनेलवर चार ओळी लिहिल्या. अजून कुणी उत्तर दिलेलं नाही. आज जाऊन पुन्हा विचारतो.