गोड शब्दांचे पांघरूण

बांगडी फुटली तरी आपण 'वाढवली' म्हणतो. त्यात कोणाची फसवणूक नाही, ऐकणाऱ्याच्या मनाची काळजी आहे.

पण सन १९१७ मध्ये आपल्या बडोद्यात निराळेच घडले. अस्पृश्य म्हणून पारशी विश्रामगृहातून बाहेर काढलेले डॉ. आंबेडकर एका ख्रिस्ती मित्राकडे आसरा मागू लागले. "पत्नी उद्या येते आहे, तिला विचारावे लागेल," असे सौम्य उत्तर मिळाले. तो गोड शब्दांतला नकार होता, हे त्यांना मागाहून कळले. कमाटी बागेत काही तास काढून ते रात्रीच्या गाडीने मुंबईस परतले.

तो मित्र आपल्यातलाच होता, हे आम्हांस बोचते. स्थळ पाहताना, घर भाड्याने देताना आपणही "कळवतो" म्हणतो ना? प्रभूने होय-नाही सरळ बोलण्यास शिकविले. सरळ 'नाही' उच्चारताना निदान आपले पाप आपल्याच कानी पडेल.