देण्याला सरहद्द असते काय?



रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावर ज्यातले कोणीच आखातात गेले नाही, असे मुस्लिम कुटुंब विरळा. दुबई, शारजा, अबुधाबी ही नावे तिथल्या घरांत महाड-चिपळूणइतक्याच सहजपणे उच्चारली जातात. तिकडून कमाई येते, तशी तिकडे देणीही राहतात. कोणाचे बँकेचे कर्ज, कोणाचा भागीदारीतला हिशेब, कोणी ठेकेदार असेल तर मजुरांची थकलेली मजुरी. आणि विमानात पाऊल ठेवले की ते सारे मागे पडले, अशी समजूतही त्याच घरांत ऐकू येते. या समजुतीला पूर्वी कायद्यातल्या अडचणींचा थोडा आधार तरी होता. आता तोही उरलेला नाही. परंतु जो प्रश्न आपल्यापुढे ठेवायचा आहे, तो कायद्याच्याही आधीचा आहे.

आपल्या १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम ४४-अ आहे. भारत सरकारने ज्या देशाला पारस्परिक प्रदेश म्हणून जाहीर केले असेल, तेथील वरिष्ठ न्यायालयाचा पैशाचा हुकूमनामा आपल्या जिल्हा न्यायालयात, जणू त्याच न्यायालयाने दिला असावा तसा, बजावता येतो. संयुक्त अरब अमिरातीशी न्यायविषयक सहकार्याचा करार १९९९ साली झाला होता, पण या कलमाखालील घोषणा व्हायला १७ जानेवारी २०२० हा दिवस उजाडला. तोवर तिकडच्या निकालाच्या आधारे इकडे नवा दावा लावावा लागे. आता हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत आणि किती रक्कम फिटली याचा तेथील न्यायालयाचा दाखला जोडून थेट दरखास्त दाखल करता येते. कर किंवा दंड यांच्या वसुलीला हे कलम लागू नाही.

मदरशात ‘हिदाया’ शिकलेल्या कोणालाही हे वाचताना त्यातले एक प्रकरण आठवेल. बाराव्या शतकातील इमाम मरगीनानी (रह.) यांच्या या हनफी ग्रंथात, एका काझीने दुसऱ्या काझीला पाठवलेल्या पत्राचा स्वतंत्र विचार आहे. साक्षीदार एका शहरात, देणेकरी दुसऱ्या शहरात. मग हक्क बुडू द्यावा काय? काझीने पत्र लिहावे, साक्षीदारांना वाचून दाखवावे, त्यांच्यादेखत मोहोर करून त्यांच्या हाती द्यावे. दुसऱ्या काझीने ते प्रतिवादी समोर असतानाच स्वीकारावे. हक्कांच्या बाबतीत असे पत्र चाले. हुदूद आणि किसास, म्हणजे शिक्षांच्या बाबतीत चालत नसे. इमाम अबू यूसुफ (रह.) यांनी पुढे या अटी सैल केल्या. हिदायाकार त्याचे कारण देतात ते मोठे मार्मिक आहे: त्यांच्यावर स्वतः काझीपणाची जबाबदारी येऊन पडली होती. रोज तंटे सोडवणाऱ्यालाच कागदाची अडचण कळते! मोहोरेच्या जागी आज प्रमाणित प्रत आली. चिंता मात्र तीच राहिली. हक्क हरवू नये, आणि गैरहजर माणसावर अन्यायही होऊ नये.

एक फरक मात्र लहान नाही. ते दोन्ही काझी एकाच शरीअतीला बांधलेले होते. आजच्या व्यवस्थेचा पाया परस्परता हा आहे: तुम्ही आमचे निकाल माना, आम्ही तुमचे मानू. राज्याराज्यांत हे योग्यच. परंतु माणसामाणसांतला व्यवहार या तत्त्वावर उभा राहू शकतो काय? प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण अशी की, ज्याने विश्वासाने ठेव सोपवली त्याची ठेव परत करावी, आणि ज्याने आपल्याशी दगा केला त्याच्याशीही दगा करू नये. इथे परस्परतेची अट नाही. म्हणून “मालकाने माझे दोन महिने बुडवले, मी त्याच्या बँकेचे बुडवले” हा युक्तिवाद टिकत नाही. (मालक निराळा, बँक निराळी, हे तर आणखी वेगळेच.) “बँक व्याज घेते, मग तिचे काय द्यायचे” हाही टिकत नाही. व्याज निषिद्ध आहे. पण त्यामुळे उचललेले मुद्दल हलाल कसे होईल?

फुकहांनी एक भेद केला आहे. एखादी गोष्ट कजाअन बंधनकारक असते, म्हणजे काझीपुढे. एखादी दियानतन, म्हणजे बंदा आणि त्याचा रब यांच्यामध्ये. हुकूमनामा पहिल्या कक्षेत येतो. देणे दोन्हींत येते, आणि दुसऱ्या कक्षेला सरहद्द नाही, मुदतीचा कायदाही नाही.

हा भेद धनकोलाही तितकाच लागू आहे, हे आपण सहसा विसरतो. कर्जाला तारण म्हणून सही केलेला कोरा धनादेश घेण्याची चाल आखातात सर्वांना ठाऊक आहे. त्यावर देण्याहून मोठा आकडा भरून, प्रतिवादी गावी गेला असताना एकतर्फी हुकूमनामा मिळवणाऱ्याने एक हदीस आठवावी. प्रेषितांनी (स.) बजावले होते की, कोणाच्या वाक्चातुर्यामुळे मी त्याला त्याच्या भावाचा हक्क देऊन बसलो, तर तो आगीचा तुकडा समजावा. प्रेषितांच्या निवाड्याने जे हलाल होत नाही, ते दुबईच्या किंवा अलिबागच्या न्यायालयाने होणार नाही.

अशा माणसापासून बचावासाठीच संहितेचे कलम १३ आहे. निकाल गुणदोषांवर दिलेला नसेल, नैसर्गिक न्याय डावलला गेला असेल, फसवणूक झाली असेल, तर आपले न्यायालय तो निर्णायक मानत नाही. ज्याला ऐकूनच घेतले गेले नाही त्याने ही हरकत जरूर घ्यावी. त्यात काहीही गैर नाही. मात्र हरकत मान्य होऊन दरखास्त निकाली निघाली, तरी खरोखर घेतलेली रक्कम शिल्लकच राहते. हाती काही नसेल तर मुदत मागावी. तंगीत असलेल्या ऋणकोला सवड द्यावी, असा कुरआनचा धनकोला आदेश आहे. पण सवड मागण्यासाठी फोन उचलावा लागतो, नंबर बदलून चालत नाही.

आणि तो माणूस वारला तर? वारसांचे हिस्से देणे फेडल्यानंतरच, हा सूरह निसाचा क्रम आहे. गावच्या घराची नि आमराईची वाटणी करायला बसलेल्या भावंडांनी आधी वडिलांच्या पेटीतली तिकडची कागदपत्रे काढून पाहावीत. अरबी वाचता येत नसेल, तर मशिदीत घेऊन यावीत. आम्ही वाचून देऊ.